अंबीघाटावरची जाळी

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढं केले. पंचांनी माझी नखं एकेक करून अंगठ्यानं चाचपली, मग वाकून पायांचीही पाहिली. वॉटरपोलोत सामन्याआधी हे होतंच. पाण्याखाली कोण कुणाला ओरबाडतोय ते वरून दिसत नाही, म्हणून नखं आधीच तपासून घेतात. माझ्या बोटांत त्यांना काही सापडणार नव्हतं. सकाळी सहालाच आमच्या कोचनी, म्हणजे मास्तरांनी, आम्हा तेरा जणांना उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या पायऱ्यांवर ओळीनं बसवून स्वतःच्या हातानं आमची नखं कापली होती. दर फायनलला ते कापायचे. एरवी चुकलं की छत्रीच्या टोकानं बरगडीत ढोसणारा माणूस त्या दिवशी आमचा पाय मांडीवर घेऊन बसलेला असायचा, आणि कितीही गुदगुल्या झाल्या तरी हसायची सोय नसायची.

"पुढचा," पंच म्हणाले.

पुढचा म्हणजे शौकत शिकलगार, आमचा कॅप्टन. हात पुढं करता करता तो माझ्या कानाशी पुटपुटला, "सुदाम, वर बघू नगंस. तिसऱ्या पायरीवर निळा सफारीवाला बसलाय."

असं सांगितल्यावर कोण बघणार नाही? मी बघितलं. डोक्यावर रुमाल, मांडीवर डायरी. तो रेल्वेच्या संघासाठी खेळाडू बघायला आलेला माणूस होता. त्यांना गोलकीपर हवा होता, तोही एकच. आणि त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात, पुण्याच्या एका पोहण्याच्या तलावावर, राज्य स्पर्धेच्या फायनलला दोन गोलकीपर उतरणार होते. एक मुंबईचा आणि दुसरा मी. "जिंकेल त्याला नेतो," असं तो आदल्या दिवशी मास्तरांना सरळच म्हणाला होता.

आमचं आडनाव अंबी. अंबी म्हणजे नावाडी. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेवर जो लहानसा घाट आहे त्याला आमच्याच घराण्यावरून अंबीघाट म्हणत. मी नववीत असताना जवळच पूल झाला आणि आमची नाव काठावर पालथी पडली. आबा, म्हणजे माझे वडील, दिवसभर त्या पालथ्या नावेवर बसून पुलावरून जाणाऱ्या एस. टी. बघत राहायचे. शेवटी त्यांनी मला वाळू काढायच्या बोटीवर लावायचं ठरवलं. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते घरी आले आणि उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "पोराला दोन वर्षं माझ्याकडं राहू दे. नोकरीला लावतो. माझा शब्द."

ती दोन वर्षं त्या मे महिन्यात संपत होती. वाळूवाल्याला आबांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारपासून येतो म्हणून. फायनल शनिवारी होती.

मास्तरांविषयी थोडं सांगायला हवं. भूपाल कुंभोजे. हायस्कुलात ड्रॉईंग शिकवायचे. बुटके, पांढरी पँट, पांढरा शर्ट, पावसाळा असो नसो काखेत छत्री. बावीस वर्षांत त्यांनी अकरा वेळा राज्याचं विजेतेपद आणलं होतं, आणि तेही तलाव नसताना. आमच्याकडं नदी होती. दोन रिकाम्या ड्रमांवर बांबूची चौकट बांधायची, दगडाचा नांगर टाकून ती पाण्यात सोडायची, की झाला गोल. खेळताना मगर दिसली की मास्तर लांब शिट्टी वाजवायचे आणि सगळे काठावर पळायचे. मगर गेली की खेळ पुढं चालू.

त्या चौकटीला जाळी नव्हती. जाळी नसल्यावर बॉल चौकटीतून गेला की बाहेरून, हे काठावरून कळायचं कसं? पोरांच्या पायांनी पाणी सगळं घुसळलेलं, आणि मास्तर चाळीस हात लांब पायरीवर. म्हणून आमच्या घाटावर एकच नियम होता. बॉल आत गेला की गोलकीपरनं आपणहून हात वर करायचा. हात वर गेला तर गोल, नाही गेला तर नाही. कुणी विचारायचं नाही, कुणी भांडायचं नाही. बाहेरगावचे संघ सरावाला यायचे ते आधी हसायचे. "मास्तर, एक जाळी तरी बांधा की," म्हणायचे. मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं.

"जाळी कशाला? गोलकीपर आहे ना."

मी बारा वर्षांचा असल्यापासून त्या चौकटीत उभा होतो. आठ वर्षांत माझा हात किती वेळा वर गेला असेल त्याचा पत्ता नाही. पुढं पुढं तर मी तो करतच नव्हतो, तो आपला आपण जायचा. जांभई आली की तोंडावर हात जातो तसा.

सामना सकाळी दहाला सुरू झाला. पहिल्या तीन क्वार्टरचं वर्णन करत बसत नाही. मुंबईची पोरं आमच्याहून उंच होती, वेगानं पोहायची, आणि त्यांच्या पाच नंबरच्या हातात भलताच जोर होता. आम्ही नदीत खेळणारे. प्रवाहाविरुद्ध पाय मारून मारून आमच्या मांड्या मजबूत झालेल्या, त्यामुळं पाण्यात कुणी दाबलं तरी आम्ही दबायचो नाही. एवढ्या भांडवलावर आम्ही सात-सात अशी बरोबरी टिकवून होतो. शेवटची दीड मिनिटं राहिली आणि पंचांनी शौकतला वीस सेकंदांसाठी बाहेर काढलं. त्यानं मुंबईच्या खेळाडूला मागून धरलं होतं. खरंच धरलं होतं. उगाच पंचांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता पाण्यात आम्ही पाच आणि ते सहा, आणि गोलात मी.

"उजवीकडं! अंबी, उजवीकडं!" मास्तर बाकावरून ओरडले. मास्तर ओरडले म्हणजे काय ते बघा. सामन्यात ते ओरडत नसत.

बॉल माझ्यासमोरून डावीकडं गेला, परत उजवीकडं आला. पाच नंबर छातीपर्यंत पाण्याबाहेर उठला. मी दोन्ही हात वर घेऊन उसळलो. बॉल माझ्या बोटांवरून घसरला, वरच्या दांडीच्या खालच्या बाजूवर आदळला आणि थाडकन माझ्या पाठीमागं पाण्यात पडला. मी मागच्या मागं हात फिरवून तो कवेत ओढला.

तो आत पडला होता. रेषेच्या चांगला वीतभर आत. माझ्या दंडाला गोलाचा खांब लागत होता आणि बॉल त्याच्याही मागं होता. मला शंका नव्हती, आजही नाही.

गोलरेषेवरचे पंच सत्तरीचे होते. अकराचं ऊन पाण्यावरून थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला, वाकून पाहिलं, आणि काहीच केलं नाही. मुख्य पंचांनी त्यांच्याकडं पाहिलं. मुंबईचे सगळे ओरडत होते. तेवढ्यात माझा उजवा खांदा उचलला गेला.

मी सांगतो, तो मी उचलला नाही. तो आठ वर्षांच्या सवयीनं निघाला होता. कोपर पाण्याबाहेर आलंसुद्धा. आणि मग मी काय केलं, तर तो हात खाली दाबला. जोर लावून दाबला. त्याच हातानं बॉल उचलला आणि लांब फेकला. शौकतचे वीस सेकंद नुकतेच संपले होते आणि तो कोपऱ्यातून एकटाच पुढं निघाला होता. बॉल त्याच्या पुढ्यात पडला. समोर मुंबईचा गोलकीपर सोडून कुणी नव्हतं.

आठ-सात. शिट्टी झाली तेव्हाही आठ-सातच.

पोरं एकमेकांच्या डोक्यांवर बसून पाण्यात बुडत होती. मी बाकाकडं पाहिलं. मास्तर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण ते माझ्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते माझ्या उजव्या खांद्याकडं बघत होते. तो खांदा उचलला गेला आणि परत खाली बसला, याचा अर्थ त्या तलावावर एकाच माणसाला वाचता येत होता, आणि त्यानं तो वाचला होता.

मी काठावर चढून टॉवेल गुंडाळतोय तोच शौकत आला. "चल. आत बोलवलंय. मुंबईवाल्यांनी तक्रार दिलीया."

"कसली?"

"बॉल आत गेला हुता म्हनं." तो हसला. "म्हटलं, आमच्या गोलकीपरचा हात बघितला न्हाई का तुमी? आत गेला असता तर त्यानं सांगितलं नसतं व्हय?"

त्याला शंकासुद्धा आली नव्हती. शौकत माझ्याबरोबर आठ वर्षं खेळला होता.

पाणी शुद्ध करायच्या यंत्राशेजारी एक लहान खोली होती. क्लोरीनचा वास डोळ्यांत जायचा. टेबलामागं स्पर्धेचे प्रमुख पेंडसे बसले होते. बाजूला ते म्हातारे पंच, मान खाली घालून. मुंबईचे कोच गोरक्षकर उभेच होते, हातात तक्रारीचा कागद. मास्तर खुर्चीत बसले होते, छत्री गुडघ्यांमधे उभी, तिच्या मुठीवर दोन्ही हात. मला कुणी बस म्हटलं नाही. मी दाराशी तसाच निथळत उभा राहिलो.

"नियम सांगायचा तर पंचांचा निर्णय अंतिम असतो," पेंडसे म्हणाले. "मी ही तक्रार आत्ता फेटाळू शकतो. पण आमचे पंच स्वतःच म्हणतात, की त्यांना दिसलं नाही."

"ऊन होतं," म्हातारे पंच म्हणाले. "खोटं कशाला सांगू? नाही दिसलं."

"मग मी काय करायचं?" पेंडशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोरक्षकर, तुम्हीच सांगा."

गोरक्षकरांचा आवाज बाहेर चांगलाच चढलेला मी ऐकला होता. इथं मात्र ते शांतपणे बोलले. "साहेब, चार वर्षांपूर्वी मी माझी टीम घेऊन यांच्या घाटावर आठ दिवस राहिलोय. तिथं गोलला जाळी नाही. यांचा गोलकीपर स्वतःच्या विरुद्ध स्वतः हात वर करतो. मला वाटलं होतं, दोन दिवसांत एखादा तरी लबाडी करेल. आठ दिवसांत एकदाही झाली नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं मी हे." ते माझ्याकडं वळले. "माझ्या पोरांचं म्हणणं आहे बॉल आत होता. पण पोरं हरल्यावर काहीही म्हणतात. हा मुलगा नाही म्हणाला, तर मी हा कागद इथंच फाडतो. मला दुसरा पुरावा नको."

झालं. नियमावर निकाल लागला असता तर मी कधीच सुटलो असतो. आता सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. बॉल आत नव्हता म्हटलं तर रेल्वेत नोकरी, त्यांच्या संघात जागा, आबांच्या जिवाला स्वस्थता. आत होता म्हटलं तर सोमवारी वाळूची बोट. आणि नुसता माझाच प्रश्न नव्हता. बाहेर बारा पोरं नाचत होती.

"बोल बाळ," पेंडसे म्हणाले. "घाबरू नकोस. बॉल आत होता का?"

मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होतो? बत्तीस वर्षं मी स्वतःला हे विचारतो आहे. कधी वाटतं, खरं सांगणार होतो. पण असं वाटणं स्वस्त असतं, त्याला काही लागत नाही.

"त्याला विचारू नका," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"मग कोणाला विचारू, कुंभोजे?"

"मला विचारा." मास्तरांनी मान वर केली. ते पेंडशांकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "बावीस वर्षं झाली. माझ्या एकाही गोलकीपरला तोंडानं विचारायची वेळ आलेली नाही. त्याचा हात वर गेला नव्हता. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

"म्हणजे गोल नव्हता."

छत्रीच्या मुठीवरची मास्तरांची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती.

"हात वर गेला नव्हता," ते पुन्हा म्हणाले.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. आणि खोलीतल्या प्रत्येकानं त्याचा जो अर्थ घेतला, तो खोटा होता. पेंडशांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि "संपलं" म्हणाले. गोरक्षकरांनी शब्द पाळला. कागद दोनदा फाडून खिशात घातला, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलं. नेमक्या उजव्याच.

"मास्तरांचं नाव राखलंस," ते म्हणाले.

मला त्या क्षणी कुणी तलावात बुडवलं असतं तर मी हातपाय हलवले नसते.

बाहेर आल्यावर निळ्या सफारीवाल्यानं माझं नाव, जन्मतारीख आणि पत्ता डायरीत लिहून घेतला. "जुलैपर्यंत पत्र येईल," म्हणाला. मास्तर शेजारी उभे होते. माझ्या नावाचं स्पेलिंग त्यांनीच सांगितलं.

दुपारच्या एस. टी.नं आम्ही निघालो. जिंकून परतताना मास्तर नेहमी मागच्या लांब सीटवर पोरांच्या मधोमध बसायचे. सबंध सामना पुन्हा सांगायचे, प्रत्येकाची टर उडवायचे. कुणी सोपा गोल घालवला असेल तर सांगली येईपर्यंत त्याची सुटका नसायची. त्या दिवशी ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटेच बसले. पोरांना वाटलं, थकले. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून त्यांनी कंदी पेढे आणले, तेही दर वेळेप्रमाणंच. प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत आले. माझ्या हातावरही ठेवला. एक पुडा न फोडता त्यांनी आपल्या पिशवीत टाकला.

कराड गेल्यावर मी उठून त्यांच्याजवळ गेलो. दांडीला धरून उभा राहिलो.

"मास्तर..."

"उभा काय राहिलास? गाडी हलतीया. जा, बस."

"मास्तर, मला बोलायचं होतं."

"सकाळी सहाला घाटावर ये," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नेहमीसारखा."

इथं थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला त्या सकाळवर थांबता येईल. जुलैत पत्र आलं. मी रेल्वेत लागलो, दहा वर्षं त्यांच्याकडून खेळलो, आता कचेरीत बसतो. आबा सुखानं गेले. मास्तरांनी त्यानंतर आणखी चार विजेतेपदं आणली, त्यांची पोरं देशाकडून खेळली, स्वतः मास्तरांना पुरस्कार मिळाला. ते जाऊनही तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी आमच्या घाटावरच्या क्रीडा मंडळानं स्वतःचा तलाव बांधला, त्याला मास्तरांचं नाव दिलं आणि एक जाडजूड स्मरणिका काढली. तिच्यात मास्तरांच्या कारकिर्दीचा तक्ता आहे. त्र्याण्णव सालापुढं छापलंय: 'बारावं राज्य विजेतेपद. याच वर्षी अंबीघाटावर प्रथमच आधुनिक पद्धतीनं गोलला जाळी.' दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत. छापणाऱ्या पोराला त्यात काही वाटलं नाही, कारण कुणी त्याला सांगितलेलं नाही. त्यानं माझ्याकडंही आठवण मागितली होती. मी दीड पान लिहून दिलं, मास्तर आमची नखं कशी कापायचे त्यावर. लोकांना आवडलं म्हणे.

तर ती सकाळ.

झोप अशी लागलीच नव्हती. साडेपाचला उठून बाहेर आलो तर आबा पालथ्या नावेवर बसले होते. चेहरा असा, की गेल्या पाच वर्षांत मी तो पाहिला नव्हता. मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा.

"मास्तर येऊन गेलं," ते म्हणाले. "अजून उजाडायचं हुतं. म्हनले, शब्द दिला हुता, पाळला. पेढं दिलं. मी पाया पडाय गेलो तर मागं सरलं. पाया पडू नगा म्हनले."

"आनि?"

"आनि काय? आपलं जुनं जाळं मागून न्हेलं. माडीवरचं." आबा हसायला लागले. "मी म्हटलं, मास्तर, तुमी जैन मानूस, कांदासुदीक खात न्हाई. आनि आता मासं धरनार व्हय? तर हसलंच न्हाईत. कशाला पायजे असंल रं?"

मी पळत सुटलो.

घाटावर सगळी पोरं जमली होती. बांबूची चौकट ड्रमांसकट पाण्यातून ओढून पायरीवर आडवी ठेवली होती. मास्तर तिच्याशेजारी उकिडवे बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, भोवती आमच्या घरचं मासे धरायचं जाळं पसरलेलं. आबांच्या हातच्या गाठी मला लांबूनच ओळखू आल्या. मास्तरांना गाठ मारता येत नव्हती. त्यांचे हात पेन्सिल धरणारे. सुतळी निसटत होती, ते पुन्हा बांधत होते.

शौकत हसतच होता अजून, कालच्या जिंकण्याचं हसू त्याच्या तोंडावरून उतरलं नव्हतं. "मास्तर, ही जाळी कशाला? गोलकीपर हाय न्हवं?"

त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवल्याबद्दल दोघंतिघं खिदळले. मास्तरांनी सुतळीचं टोक दातांत धरलं होतं. ते त्यांनी काढलं.

"असू दे," ते म्हणाले. "दर वेळी एकट्या पोरालाच का विचारायचं? बावीस वर्षं विचारलं. लई झालं."

मग त्यांनी मला पाहिलं. फायनलनंतर पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. रागावले असते, छत्री उचलली असती, तर मी ती आनंदानं खाल्ली असती. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपल्याच हातून काही सांडलं की माणूस जसा बघतो, तसे ते बघत होते. मला रडू फुटलं. पोरांना वाटलं, आनंदानं.

"ये," ते म्हणाले. "हे टोक धर."

मी धरलं.

"घट्ट धर. ढील देऊ नकोस."

एकेक बांबू करत आम्ही दोघांनी जाळं बांधलं. गाठी मीच मारल्या, मास्तर सुतळी देत गेले. सूर्य पुलाच्या वर आला तेव्हा चौकट पुन्हा पाण्यात सोडली. जाळं ओलं होऊन खाली लोंबलं आणि चौकट पहिल्यांदाच खऱ्या गोलासारखी दिसायला लागली. पोरं खूष झाली.

मी पोहत जाऊन तिच्यापुढं उभा राहिलो. मास्तर आपल्या पायरीवर जाऊन बसले, छत्री शेजारी ठेवली आणि शिट्टी वाजवली. पहिला बॉल शौकतनं मारला. मला तो अडवता आला असता, पण माझ्या अंगात त्राण नव्हतं. बॉल माझ्या काखेखालून गेला आणि जाळ्यात अडकून तिथंच हलत राहिला. लांबून, काठावरून, कुणालाही दिसेल असा.

आणि माझा हात वर गेला. आपला आपण, पुरा, सरळ.

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. पाण्यावरून त्यांचा आवाज आला, मोठा नाही, पण घाटावर त्या वेळी दुसरा आवाज नव्हता.

"हात खाली घे, अंबी. आता गरज न्हाई."

मी हात पाण्यात घेतला.